साळू आणि माझे नऊ किलो

गेणूतात्या माणसाला जीव खाऊन पळायला लावायचे आणि तो चढावर पोचला की त्याला त्याचं नाव विचारायचे. नाव सांगता आलं, तर मान हलवून म्हणायचे, "मंग पळला न्हाईस तू. जा खाली." नाव फुटलं नाही, नुसतंच तोंड उघडं राहिलं, की तात्या खूश. मग खाली चालत येताना पुन्हा विचारायचे. आता मात्र नाव, गाव, बापाचं नाव, सगळं नीट सांगता आलं पाहिजे. "पळताना बोलता आलं तर तू पळत न्हाईस, आन् चालताना बोलता आलं न्हाई तर तू चालत न्हाईस." हे वाक्य मी एका हिवाळ्यात इतक्या वेळा ऐकलं, की अजूनही कधी पहाटे जाग आली तर आपण अंथरुणात आहोत की त्या माळावर, हे कळायला मला थोडा वेळ लागतो.

तो माळ पिंपळवंडीच्या बाहेर होता. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो, एक खोली घेऊन राहत होतो. माझं गाव अवसरी बुद्रुक. शनिवारी शाळा सुटली की मंचरला उतरून घरी जायचं आणि सोमवारी सकाळी परत यायचं, असा माझा क्रम होता. वय तीस आणि वजन अठ्ठ्याऐंशी किलो. वर्गाचा जिना चढून गेलो की फळ्याकडे तोंड करून उभा राहायचो. मुलांना वाटायचं, मास्तर काय लिहावं याचा विचार करतायत. मी दम खात असायचो.

त्या वर्षी वडिलांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. आई गावच्या देवाला नवस बोलली, की मालक आपल्या पायांनी उंबरा चढले, तर चैत्राच्या यात्रेत आपल्या बैलांपुढं आपला लेक घोडीवर बसेल. वडील चालत घरी आले. आता पाळी माझी होती. आमच्या भागातल्या बैलगाड्याची गंमत ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो: घाट म्हणजे चढावरची धावपट्टी. बैल जुंपून गाडा सोडतात, त्यावर हाकणारा कुणी नसतो, आणि बैलांना ओढ लागावी म्हणून पुढं एक घोडी पळते. तिच्यावर स्वार असतो. अशी एक धाव म्हणजे बारी. पंधरा आकडे मोजून होईपर्यंत ती संपलेली असते. स्वार हलका लागतो, बहुधा शेलाट्या अंगाची पोरं असतात. भाड्याचा स्वार नवसाला चालत नव्हता, कारण आईनं 'आपला लेक' असंच म्हटलं होतं.

आमच्याकडं बैल होते, घोडी नव्हती. जुन्नर-आंबेगावात घोडी मागायची ती गेणूतात्यांकडं. तीन एकर रान, थोडा कांदा, आणि गोठ्यात साळू. साळू अंगानं बारीक, रंगानं ओल्या मातीसारखी. तात्या पैशाला बधणारे नव्हते. कुणाच्या बैलांपुढं तिला सोडायचं ते स्वतः ठरवायचे. बारीच्या आदल्या दिवशी आणि त्या सकाळी तिचे चारही पाय खुरापासून वर दाबून बघायचे आणि मगच हो म्हणायचे. लोक आपल्या घोड्या, आपले बैलसुद्धा तात्यांच्या हाताखालून घालून न्यायचे. "तात्यानं हात लावला" म्हणजे जनावर पास.

मी गेलो तेव्हा ते कांद्याच्या रोपांना पाणी देत होते. मी नवसाचं सांगितलं. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, फावडं टेकवलं आणि म्हणाले, "मास्तर, नवस तुमच्या आईचा, आन् भोगायचं माझ्या घोडीनं व्हय?"

मी ओशाळून हसलो.

"किती भरता?"

"अठ्ठ्याऐंशी."

"सत्तर. त्येच्यावर एक किलो बी चालायचा न्हाई. दिवाळी आत्ता झालीया. चैत्राला चार-पाच म्हैनं हायेत. उद्या पहाटं माळावर या."

"तात्या, डॉक्टर म्हणतात रोज तासभर चालावं."

"चाला की. चैत्र बी चालतच येनार हाय. बघू कोन आदी पोचतंय."

माळावर बैलांना सराव द्यायचा एक चढ होता, दोनशे-सव्वादोनशे पावलांचा. डिसेंबरात कालव्यावरून धुकं चढून यायचं आणि त्या चढाचं वरचं टोक दिसायचं नाही. आपण खाली उभे, वर सगळं पांढरं, आणि तात्यांची शीळ वाजली की त्या पांढऱ्यात घुसायचं. माझ्या बाजूनं साळू पळायची, मोकळी; तिला धरायला तात्यांचा पुतण्या वर दोरी घेऊन उभा असायचा. ती चार ढांगांत पुढं जायची आणि दिसेनाशी व्हायची, नुसत्या टापा ऐकू यायच्या. वर पोचलो की ती तिथं उभी असायची, नाकातून वाफ सोडत. मी तिच्या मानेवर हात ठेवून उभा राहायचो. तिच्या बरगड्या हलायच्या, माझ्याही. दोघांपैकी कुठला श्वास कुणाचा, हे कळू नये इतकं ते धुकं दाट असायचं.

मग तात्यांचं "नाव काय?" आणि मग हळूहळू उतरणं. उतरताना घाई केलेली त्यांना खपायची नाही. "दम घराबाहेर काढलास, आता त्येला घरी येऊ दे. दम घरी आल्याबिगर दुसरी बारी न्हाई." पहिल्या आठवड्यात तीन वेळा वर जाऊन मी ओकलो. महिन्याभरात सहा वेळा जाऊ लागलो, मग आठ. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आत आटपायचं. मी म्हणायचो, "तात्या, एवढ्यानं काय होणार? आणखी थोडं पळतो." ते म्हणायचे, "बैल दिसभर पळवला तर औताचा व्हतो, घाटाचा न्हाई. थोडं पन पुरं. पुरं पन थोडं."

त्यांचं खरं होतं. जानेवारीपर्यंत मी जिना एका दमात चढून वर्गात जाताच बोलू लागलो. रात्री झोप अशी यायची, की सकाळी कूस बदललेली नसायची. गालफडं दिसू लागली. पँट कमरेला ढिली झाली. गावात लोक थांबवून म्हणायचे, "मास्तर, तात्यानं तुमाला कापला की राव!" मी लाजायचो आणि मनातून फुलायचो.

फक्त काटा थोडा उतरून एका आकड्यावर अडून बसला होता.

याचं कारण आज एखादं शाळकरी पोरही सांगेल, पण तेव्हा आम्हा दोघांना ते दिसत नव्हतं, किंवा मला दिसत होतं आणि मी बघत नव्हतो. तात्यांच्या हिशोबात पळणाऱ्या जिवाला खुराक पाहिजे. बैलाला दूध, अंडी, उडदाचं पीठ. घोडीला हरभरा आणि गूळ. मग मास्तरानं काय पाप केलंय? माळावरून आलं, की त्यांची बायको हिराआक्का पितळी तांब्याभर म्हशीचं दूध, त्यात दोन अंडी फोडून, वर गूळ-शेंगदाण्यांची वाटी, असं समोर ठेवायची. "खावा मास्तर, पळून पळून आतडी वाळली असतील." शनिवारी घरी गेलो की आई त्याच्या दुप्पट. नवसाचा लेक तिचा. आणि पळून आल्यावर जी भूक लागायची, तशी भूक मला त्याआधी कधी लागली नव्हती. मंचरला एसटीतून उतरलो की भज्यांच्या वासावर पाय आपोआप वळायचे. हे मात्र मी तात्यांना सांगितलं नव्हतं.

वजन मी मंचरच्या बाजारात करायचो. कांदा-बटाट्याच्या पिशव्या ज्या काट्यावर चढतात, त्याच्यावर. तिथला मापाडी बापू माझ्या ओळखीचा. दर शनिवारी मला बघितलं की पिशव्यांची रांग थांबवायचा. "आला का माल? चढा." पहिल्या महिन्यात मी त्र्याऐंशीवर आलो, मग ऐंशी, मग एकोणऐंशी. आणि तिथंच बसलो. आठवड्यामागून आठवडे एकोणऐंशी. बापू म्हणायचा, "मास्तर, कांदा असता तर साठवणीच्या चाळीत टाकला असता. कांद्याला घट येती, तुमाला काय येईना."

तात्यांना आकडे वाचता यायचे नाहीत. ते सोमवारी विचारायचे, "काटा काय म्हनतोय?" पहिल्यांदा खोटं बोललो ते अगदी थोडं. एकोणऐंशी होतं, अठ्ठ्याहत्तर म्हणालो. तात्यांचा चेहरा असा उजळला, की पुढच्या सोमवारी मला शहात्तर म्हणावंच लागलं. मग चौऱ्याहत्तर. तात्या आमच्या वाटेवर भेटेल त्याला सांगायचे, "मास्तर चौऱ्याहत्तर! चड चडून, बाकी काय न्हाई." मी शेजारी उभा असायचो. मला दिसत होतं, की माझा आकडा आता माझा राहिलेला नाही, तो तात्यांचा झालाय. मागं कसं फिरायचं? आणि खोटं दिसतही नव्हतं. मी खरोखर चपळ झालो होतो. साळूवर बसायला शिकलो, तेव्हा तात्या म्हणाले, "अंग हलकं ठेवतोस रे. शिकलास." अंग हलकं ठेवायला मी शिकलो होतो, हलका झालो नव्हतो.

यात्रेच्या आदल्या सोमवारी मी म्हणालो, "सत्तर."

तात्यांनी हिराआक्काला हाक मारली. "ऐकलं का? सत्तर!" आणि मला त्या दिवशी दुधात तीन अंडी मिळाली. मी ती प्यायलो.

यात्रेच्या सकाळी तात्यांनी साळूचे पाय दाबले. खाली बसून, डोळे मिटून, एकेक पाय. उठले आणि म्हणाले, "फुलावानी हाय. जा." घाटाच्या दोन्ही बाजूंना माणसं, हवेत भंडारा, लाऊडस्पीकरवर आमच्या घराचं नाव. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं, पाण्याखालून पाहावं तसं. निशाण पडलं. मागं बैलांच्या खुरांचा गडगडाट. पिवळं आकाश अंगावर येत होतं आणि साळू त्यात शिरत होती. मला एक क्षण वाटलं, मला वजनच नाही. आणि मग तिचा पुढचा डावा पाय खाली गेला, जणू तिथं जमीन नव्हतीच. ती पडली नाही. तिनं मला पाडलं नाही. तीन पायांवर तिनं ती बारी पुरी केली, निशाणापलीकडं जाऊन उभी राहिली आणि तो पाय उचलून धरला. मी उतरलो. तिच्या मानेवर हात ठेवला. तिच्या बरगड्या हलत होत्या, आणि या वेळी त्या लवकर थांबल्या नाहीत.

शिरा तुटल्या होत्या. साळू पुन्हा पळाली नाही.

नवस फिटला. आईनं नारळ फोडला. आणि घाटात बोलणं सुरू झालं, ते यात्रा संपली तरी थांबलं नाही. तात्याला घोडीचा पाय कळला नाही. तात्याचा हात गेला. एकानं माझ्या देखत विचारलं, "काय तात्या, डोळं मिटून बघत व्हता, झोप लागली व्हती का?" लोक हसले. तात्या हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुमी सत्तर झाला, तुमचं चुकलं न्हाई. माझ्या हाताला घावलं न्हाई." मी म्हणालो, "असू द्या तात्या." एवढंच. मी आयुष्यात बोललेल्या वाक्यांपैकी हे सर्वांत हलकट वाक्य आहे.

त्यानंतर तात्यांनी लोकांच्या जनावरांना हात लावणं सोडलं. कुणी घोडी आणली तर म्हणायचे, "दुसऱ्याला दावा." साळूला विकलं नाही, गोठ्यात बांधून ती मरेपर्यंत सांभाळली. पुढच्या वर्षी माझी बदली मंचरला झाली. मी पिंपळवंडीला जाणं टाळू लागलो. पळणं सुटलं. खुराक सुटला नाही.

आठेक वर्षं गेली. एका दुपारी आमच्या शिक्षक-खोलीत एक तरुण सर पेपरची पुरवणी घेऊन आले. त्यात छापलं होतं, की थोडा वेळ जोरात पळायचं, मग चालायचं, मग पुन्हा जोरात, असा एक नवा व्यायाम परदेशात निघालाय आणि त्यानं वजन झपाट्यानं उतरतं. सर मला म्हणाले, "तुम्ही पूर्वी पळायचात ना? खरंच उतरतं का हो यानं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मला सांगायचं होतं, की दम वाढतो, झोप येते, जिना चढता येतो, माणूस दहा वर्षांनी लहान होतो. पण वजन उतरायचं तर ताटातलंही उतरावं लागतं, नाहीतर पळणं एका हातानं देतं आणि भूक दुसऱ्या हातानं घेते. मला सांगायचं होतं, की हे परदेशात निघालेलं नाही. पण पहिलंच वाक्य 'माझं वजन एकोणऐंशीवर अडलं होतं' असं असायला हवं होतं, आणि ते वाक्य मी जगात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. सर वाट बघत राहिले. मी म्हणालो, "घंटा झाली."

त्या रविवारी मी पिंपळवंडीला गेलो. तात्या ओसरीवर खाटेवर बसले होते. कमरेतून वाकलेले, पण डोळे तेच. हिराआक्कानं पाणी आणलं. मी घोटभर पाणी प्यालो आणि म्हणालो, "तात्या, यात्रेच्या वक्ताला मी सत्तर नव्हतो."

"मंग किती व्हतास?"

"एकोणऐंशी."

तात्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. मोजताना ओठ हलत होते. "नऊ," ते म्हणाले. आक्का दारात थांबली होती.

"पळून बी?"

"पळून बी. खात होतो, तात्या. तुमच्याकडं, घरी, बाजारात."

तात्यांनी गोठ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "नऊ किलोनं पाय जातो का न्हाई, ते मला ठावं न्हाई. पन ठावं असतं तर मी तिला सोडलीच नसती. तुजा खुराक तोडला असता. चार भाकरीच्या दोन केल्या असत्या. येवडं सोपं व्हतं रं. तू नुसतं म्हनायचं, तात्या, काटा हालंना. मी काय तुला मारला असता?"

"माफ करा मला."

"आठ वर्सं मी ह्या हाताला इचारतोय, का तुला कसं घावलं न्हाई." त्यांनी स्वतःचा उजवा हात उलटा करून पाहिला, परक्याचा असावा तसा. मग एकदम आवाज चढवला. "आन् तू मला घरात येऊन सांगतोस व्हय? मला हसले ते घाटात. घाटात सांग!"

आईला मी चैत्रात, यात्रेच्या सकाळी सांगितलं. वडील तोवर वारले होते. मला भीती होती, की नवस खोटा ठरला म्हणून ती रडेल. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "देवाला काय तू वजन सांगितलं व्हतंस? मंग देवाचं ऱ्हाऊ दे. तात्याचं फेड."

तात्यांना त्यांच्या पुतण्यानं जीपनं आणलं होतं. मांडवाच्या सावलीला एका घडीच्या खुर्चीवर ते काठी धरून बसले. दोन बाऱ्यांच्या मधे मी बाऱ्या पुकारणाऱ्याकडं माईक मागितला. त्याला वाटलं, मास्तर देणगी जाहीर करणार. मी माझं नाव सांगितलं, तात्यांचं सांगितलं, आणि म्हणालो, "आठ वर्षांमागं याच घाटात साळू घोडीचा पाय गेला. गेणूतात्यांनी सत्तरची अट घातली होती. मी सत्तर सांगितलं, होतो एकोणऐंशी. त्यांच्या हाताची चूक नव्हती. खोटं मी बोललो."

माझाच आवाज पलीकडच्या टेकाडावरून उशिरा परत येत होता, दुसऱ्याच कुणीतरी कबुली द्यावी तसा. सगळी गर्दी माझ्याकडं वळली होती. त्यात माझे विद्यार्थी होते, त्यांचे बाप होते. मग एक जण ओरडला, "मास्तर, आता किती हाय?"

मी माईक अजून सोडला नव्हता. "ब्याण्णव," मी म्हणालो.

अख्खा घाट हसला. पुकारणाऱ्यानं माईक काढून घेतला, पुढची बारी सुटली, धूळ उठली, आणि लोक मला विसरून बैलांकडं बघू लागले. मी मांडवाशी आलो. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांच्या शेजारी उभं राहायचं धाडस मला झालं नाही. थोडा मागं, खांबाला धरून उभा राहिलो.

दोन-तीन बाऱ्या गेल्या असतील. खेडकडचा एक गडी आपली पांढरी घोडी धरून गर्दीतून वाट काढत आला, मांडवापुढं थांबला आणि जरा चाचरत म्हणाला, "तात्या, हिचा जरा पाय बघता का? पुढची बारी आमची हाय."

तात्यांनी काठी खुर्चीला टेकवली. घोडीकडं पाहिलं, पण हात पुढं केला नाही.

"आदी सांग," ते म्हणाले, "हिच्यावर बसतंय कोन? त्येला हितं आन माझ्याम्होरं. आन् काटा बी घिऊन ये."